पहारेकऱ्याची वाट

हॅडली माउंटनची वाट पहिल्या पावलापासूनच चढू लागते. पायथ्याच्या नोंदवहीत नाव आणि सोबतच्या माणसांची संख्या लिहायची आणि झाडांवर ठोकलेल्या चकत्या बघत निघायचं. जेमतेम तीन किलोमीटरमध्ये साडेचारशे मीटरच्या आसपास चढ आहे. सह्याद्रीत फिरलेल्या पायांना त्याचं विशेष काही वाटत नाही. विशेष वाटली ती वाटेची निगा. ओल धरणाऱ्या जागी दगड बसवलेले, चढावर थोड्या थोड्या अंतराने तिरपे आडवे टाकलेले लाकडाचे ओंडके नाहीतर दगडांच्या ओळी. त्या पायऱ्या वाटतात, पण त्यांचं खरं काम पाणी वळवण्याचं. उतारावरून येणारा लोट तिथे अडतो आणि वाटेबाहेर झाडीत जातो. नाहीतर दोन-चार पावसाळ्यांत वाटेचा ओढा व्हायला वेळ लागत नाही.

न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागातल्या ॲडिरॉन्डॅक डोंगररांगांच्या दक्षिण अंगाला हा डोंगर आहे. उंची सुमारे ८१५ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या निम्मी. माथ्यावर उघडा कातळ आणि त्यावर चार पायांचा, चाळीस फुटी पोलादी मनोरा. वाट आणि मनोरा यांचं नातं कळलं, तेव्हाच मला हा डोंगर खऱ्या अर्थाने दिसला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे बेसुमार लाकूडतोड चालू होती. खोड न्यायचं आणि शेंडे-फांद्या रानातच टाकून द्यायच्या, अशी रीत. सूचिपर्णी झाडांच्या त्या राळभरल्या फांद्या सुकून कोरड्याठाक होत. त्याच रानातून कोळशावरच्या आगगाड्या ठिणग्या उडवत जात. १९०३च्या कोरड्या वसंतात चार लाखांहून अधिक एकर जंगल जळालं. १९०८मध्ये पुन्हा वणवे पेटले आणि लाँग लेक वेस्ट हे अख्खं गाव बेचिराख झालं. तेव्हा राज्य हललं. तोडलेल्या झाडांच्या फांद्या छाटून जमिनीसरशा पाडायच्या, म्हणजे त्या लवकर कुजतील, असा कायदा झाला. वणव्याच्या मोसमात दिवसा इंजिनात कोळशाऐवजी तेल जाळायचा आदेश निघाला. आणि १९०९पासून डोंगरमाथ्यांवर पहारे बसले. आधी लाकडी मचाणं, मग पोलादी मनोरे. ते बनवले शिकागोच्या एअरमोटर कंपनीने. तिचा मूळ धंदा शेतातलं पाणी उपसणाऱ्या पवनचक्क्यांचा, त्यामुळे उंच, हलके, वाऱ्यात टिकणारे सांगाडे तिच्या हातचे होते. हॅडलीवरचा मनोरा १९१७चा.

मनोऱ्याच्या डोक्यावर सात फूट लांब, सात फूट रुंद खोली, चहूबाजूंनी खिडक्या. अशा खोलीत मधोमध टेबलावर गोल नकाशा पक्का बसवलेला असे. नकाशाचा केंद्रबिंदू म्हणजे हाच मनोरा, आणि कडेने अंशांच्या खुणा. मध्याभोवती फिरणारी एक पट्टी आणि तिच्या दोन्ही टोकांना नेम धरण्यासाठी उभ्या फटी. धूर दिसला की पहारेकरी नेम धरी आणि पट्टी ज्या अंशावर थांबे तो आकडा टेलिफोनवरून वनरक्षकाला कळवी. एका मनोऱ्यावरून नेमकी दिशा कळते, अंतराचा मात्र अंदाजच करावा लागतो. म्हणून शेजारच्या डोंगरावरचा पहारेकरीही त्याच धुराचा अंश सांगे. दोन मनोऱ्यांपासून दोन रेषा काढायच्या; जिथे त्या एकमेकींना छेदतील, तिथे आग. शाळेत कंपासपेटी उघडून काढलेल्या त्या त्रिकोणांनी जंगल वाचवल्याचं मला फार अप्रूप वाटलं.

पाऊस पडला की आगीची धास्ती नसे. त्या दिवशी पहारेकरी खाली उतरून दुसऱ्या कामाला लागे. वादळात तुटलेली टेलिफोनची तार जोडायची, वाटेवर पडलेली झाडं बाजूला करायची, गाळाने भरलेले चर मोकळे करायचे. वाट राखणं हा त्याच्या नोकरीचाच भाग होता, कारण रोजचं जगणं त्याच वाटेने वर यायचं.

पुढे विमानांतून टेहळणी होऊ लागली. एकेक मनोरा बंद होत गेला, १९९०च्या सुमारास शेवटचे पहारेकरीही उतरले. बरेच मनोरे पाडले गेले. हॅडलीचा वाचला, कारण त्यासाठी गावातले लोक एकत्र आले. त्यांनी राज्याच्या पर्यावरण संवर्धन खात्याच्या सोबतीने मनोरा आणि पहारेकऱ्याची झोपडी दुरुस्त केली, आणि उन्हाळ्यात माथ्यावर येणाऱ्यांना माहिती द्यायला माणूस नेमला. पहारेकऱ्याचं काम असं गावाने वाटून घेतलं.

वरून दक्षिणेला ग्रेट सॅकंडागा तलाव पसरलेला दिसतो. पहिल्या पहारेकऱ्यांनी तो पाहिलाच नाही. धरण १९३०मध्ये झालं. त्याआधी त्या खोऱ्यात शेतं आणि गावं होती.

उतरताना एका वळणावर गुडघ्याएवढ्या मुलाला त्याची आई चिखलातून, अगदी मधूनच चालायला सांगत होती. कारण साधं आहे. चिखल टाळायला प्रत्येक जण कडेने गेला की कडेचं गवत मरतं, माती सुटते आणि पुढच्या मोसमात चिखल दुप्पट रुंद होतो. राजगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाईच्या वाटा अशाच आपल्या डोळ्यांदेखत पसरल्या आहेत. आपल्याकडेही काही गडांवर तरुण मंडळी रविवार खर्चून चर मोकळे करतात, दगड बसवतात. त्यांना हात द्यायला जमेल तेव्हा जाच. आणि येत्या पावसाळ्यात गडाच्या वाटेवर चिखल लागला, तर कडेच्या गवतावर पाय देऊ नका, मधूनच चला.