सुभेदार मेजर की नुसते मेजर?

लोणी देवकर असो की पळसदेव, इंदापूर तालुक्यातल्या पुणे-सोलापूर महामार्गालगतच्या गावांत फौजेतला माणूस सुट्टीवर आला की त्याला सर्रास हाक पडते ती ‘मेजर’ अशी. मग तो शिपाई असो, हवालदार असो की सुभेदार. त्या हाकेत माया आहे, मान आहे. पण कोणत्या हुद्द्यावर कोणती जबाबदारी, हे अनेकदा घरच्यांनाही ठाऊक नसतं. ज्या गावांतून पोरं भरतीला जातात तिथे ते ठाऊक असायला हवं, कारण पोरगा कोणत्या दारातून आत शिरतो यावर त्याची पुढची वीस-तीस वर्षं ठरतात.

लष्करात तीन थर आहेत. पहिल्यात शिपाई, लान्स नाईक, नाईक, हवालदार. लान्स नाईकच्या बाहीवर एक फीत, नाईकच्या दोन, हवालदाराच्या तीन. साधारण दहा जणांच्या सेक्शनची धुरा नाईक किंवा हवालदार वाहतो. हे काम किती मोठं असतं ते नाईक यशवंत घाडगे यांच्याकडे पाहिलं की कळतं. रायगडमधल्या माणगावकडचे, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीतले. १० जुलै १९४४ रोजी इटलीत शत्रूच्या मशिनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले बाकी सगळे पडले. घाडगे एकटे त्या ठाण्यावर धावून गेले आणि ते त्यांनी घेतलं. तिथेच त्यांना वीरमरण आलं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. बाहीवर फिती होत्या फक्त दोन.

दुसरा थर ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर, म्हणजे जेसीओंचा: नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर. माझ्या मते आपल्या पायदळाचा कणा हाच. साधारण तीस जणांची प्लाटून बहुधा जेसीओ सांभाळतो, आणि तो शिपायापासून एकेक पायरी चढत आलेला असतो. अकादमीतून नुकताच आलेला लेफ्टनंट हुद्द्याने वरचा; सुभेदार त्याला सॅल्यूट करतो. पण जवानांची नस कशी ओळखायची, हे तो तरुण अधिकारी शिकतो ते सुभेदार साहेबांकडूनच. पलटणीत सुभेदार मेजर एकच. कुणाची रजा अडली, कुणाच्या घरी जमिनीचा वाद पेटला, कोण गप्प गप्प राहतोय, याची खबर त्यांना असते आणि कमांडिंग ऑफिसर त्यांचा सल्ला घेतात.

तिसरा थर अधिकाऱ्यांचा. शंभरावर जवानांच्या कंपनीवर मेजर, आठशेच्या आसपासच्या पलटणीवर कर्नल, ब्रिगेडवर ब्रिगेडियर, डिव्हिजनवर मेजर जनरल. कोअर आणि कमांडवर लेफ्टनंट जनरल. पुण्यातल्या दक्षिण कमांडचे प्रमुख याच हुद्द्याचे. लेफ्टनंट कर्नलपर्यंतची बढती सेवेच्या वर्षांवर मिळू शकते. कर्नलपासून वर मात्र निवड मंडळाची चाळणी लागते आणि जागा झपाट्याने कमी होत जातात.

आता गावातल्या हाकेकडे वळू. मेजरच्या खांद्यावर अशोकस्तंभाचे सिंह असतात आणि सुभेदार मेजरच्याही. फरक आहे तो जेसीओंच्या खांद्यावरच्या लाल-पिवळ्या पट्टीचा. ‘कॅप्टन’चंही तसंच. उत्तम सेवा केलेल्या जेसीओंना २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला मानद लेफ्टनंट किंवा मानद कॅप्टन हा हुद्दा जाहीर होतो. अकादमीतून आलेल्या अधिकाऱ्याला कॅप्टन व्हायला दोन वर्षं लागतात, मानद कॅप्टनला उभी हयात. नौदलातला कॅप्टन तर लष्करातल्या कर्नलच्या आणि हवाई दलातल्या ग्रुप कॅप्टनच्या बरोबरीचा!

आपल्या लष्करातले खालचे हुद्दे या मातीला नवे नाहीत. शिवाजी महाराजांच्या पायदळात दहा जणांवर नाईक, पाच नायकांवर हवालदार, त्यावर जुमलेदार, हजारी आणि सर्वांवर सरनोबत अशी उतरंड होती. महाराजांचे आजोबा मालोजीराजे ज्या इंदापुरात लढता लढता पडले, त्या इंदापूरच्या पोरांना ‘हवालदार’ परका कसा वाटेल? नौदलाने तर २०२३ मध्ये अ‍ॅडमिरलच्या खांद्यावर महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आणला.

राहिला प्रश्न दाराचा. २०२२ पासून जवानांची भरती अग्निवीर म्हणून होते. तो स्वतंत्र हुद्दा आहे. मुदत चार वर्षांची, आणि पुढे कायम होतात ते जास्तीत जास्त २५ टक्के. अधिकारी व्हायचं दार वेगळं: बारावीनंतर खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी (एनडीए), २०२२ पासून मुलींनाही खुली. शिपाई म्हणून गेलेल्याला वरचा रस्ता बंद नसतो. परमवीरचक्र विजेते रामा राघोबा राणे १९४० मध्ये बॉम्बे सॅपर्समध्ये शिपाई म्हणून दाखल झाले आणि १९४७ मध्ये सेकंड लेफ्टनंट. आज सेवेतले जवान डेहराडूनच्या आर्मी कॅडेट कॉलेजमधून अधिकारी होतात. पण त्या वाटेने जाणारे थोडे.

म्हणून दहावीतल्या मुलामुलींच्या आईवडिलांना कळकळीचं सांगणं आहे. पहाटे महामार्गाकडेला धावण्याची तयारी जरूर चालू ठेवा, पण छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्थेचीही माहिती घ्या. महाराष्ट्रातून जास्त अधिकारी घडावेत म्हणून राज्य सरकारने १९७७ मध्ये ती काढली. मुलींसाठी २०२३ पासून नाशिकला अशीच संस्था आहे. अर्ज दहावीच्या वर्षातच करावा लागतो, तेव्हा निकालाची वाट पाहत बसू नका.