आधी लिव, मंग काप

अमरावतीच्या कॉटन मार्केट भागातल्या मोटर दुरुस्तीच्या एका दुकानात साडेसात एचपीची बोअरची मोटर चार दिवस कोपऱ्यात उभी होती. मोर्शीकडच्या संत्राबागेतली. जानेवारी अर्धा सरला होता, आंबिया बहाराचा ताण तोडायचा तर बागेला पाणी हवं, आणि बागवानाचे फोन दर दोन तासांनी. तरी मोटरीला कोणी हात लावत नव्हतं.

मी अकोल्याहून आलो होतो एका रिलेसाठी. म्हणजे सांगायचं कारण रिले. माझ्या कंट्रोल पॅनेलचं ड्रॉइंग अकरा दिवस लॅपटॉपमध्ये अर्धवट पडलं होतं, आणि रिले काय, अकोल्यातही मिळाला असता.

मोटर ज्याच्या वाट्याला आली तो पोरगा आयटीआय झालेला, हाताचा चांगला. सकाळपासून त्यानं पाने मापाप्रमाणे लावले, टेबल फॅनची जाळी पुसली, दोनदा चहा आणला, येईल तो फोन घेतला. आळशी माणसाकडून एवढी कामं होत नाहीत.

तो मोटरीला घाबरत होता, आणि ती भीती खोटी नव्हती. साधी मोटर भरणं, म्हणजे तिचं वायंडिंग नव्यानं करणं, वेगळं; बोअरची भरणं वेगळं. बोअरची मोटर आतून पाण्यानंच भरलेली असते, म्हणून तिच्या तांब्याच्या तारेवर प्लॅस्टिकचं आवरण असतं. स्टेटरच्या स्लॉटची तोंडं इतकी अरुंद, की तयार कॉइल वरून बसवता येत नाही. लांबच लांब तार एका टोकानं घालायची, दुसऱ्या टोकानं ओढायची. सुईत दोरा ओवावा तसा एकेक फेरा ओवायचा. आवरणाला टाचणीएवढं छिद्र पडलं तरी पाणी आत शिरतं आणि मोटर पुन्हा दारात येते.

पण तो अडला होता त्याच्याही आधी. जुनं वायंडिंग छिन्नीनं एका बाजूनं कापावं लागतं. एकदा कापलं की कोणती कॉइल कोणाला जोडली होती, हे सांगायला काही उरत नाही. त्यात ही मोटर आधी कुणीतरी भरलेली, जोडण्या आपल्या मनाच्या केलेल्या. नावाची पट्टीही घासून गेलेली.

दुकानातल्या मिस्त्रीकाकांनी बराच वेळ पाहिलं.

"काहून बे, छिन्नी चावते का तुले?"

"नाही काका. कनेक्शन समजून नाही राह्यलं."

"मंग आज कापूच नको. वहीत चोवीस रेघा मार. एकेक तार पाह्य अन् लिव. बस."

स्लॉट २४, म्हणून रेघा २४. पोरानं वही घेतली. कापायचं नाही म्हटल्यावर त्याचे खांदे जरा खाली आले. सहावी-सातवी रेघ जुळत असतानाच काकांनी त्याला उठवलं, "जेवून घे आधी." मला वाटलं, आता लय लागली होती, कशाला मोडली? पण पोरगा डबा अर्धा ठेवून परत आला, चपातीचा शेवटचा घास तोंडातच.

बर्लिनमध्ये मारिया ओव्हसियांकिना या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ साली हेच मांडलं होतं. लोकांना काम द्यायचं, मध्येच थांबवायचं, मग मोकळं सोडायचं. कुणी न सांगता बहुतेक जण अर्धवट कामाकडे वळत. मी काकांना हे सांगितलं. "हाव," ते म्हणाले, आणि बेअरिंग पुसत राहिले. माझं ड्रॉइंगही अर्धवटच होतं की, पण ते मला बोलावत नव्हतं. कदाचित मी ते कुठे सोडलं हे कुठेच लिहिलेलं नव्हतं म्हणून.

तीनच्या सुमाराला नकाशा पुरा झाला आणि पोरानं न विचारता छिन्नी उचलली. चार घाव. कापलेली टोकं मोजली: एका कॉइलमध्ये २७ फेरे, दुसऱ्या फेजच्या तशाच कॉइलमध्ये २६.

"पहिल्यानं एक फेरा खाल्ला," काका म्हणाले. पोरगा हसला. चार दिवस ज्याला तो आपलं अज्ञान समजत होता, त्यातलं निम्मं दुसऱ्याचं निघालं.

दिवे लागले तेव्हा स्लॉट साफ होऊन नवी तार आत गेली होती. पोरगा एका टोकाला, काका दुसऱ्या. ओढायचं, सोडायचं, मोठ्यानं मोजायचं. अकराव्या फेऱ्याला त्याचा फोन वाजला. स्टुलावर वाजत वाजत तो सरकला, कडेला आला.

"बारा," पोरगा म्हणाला.