यंत्राच्या हातीं दुरुस्तीचा अर्ज

संगणकाच्या आज्ञावलींत फेरफार सुचवावयाचा, तर गिटहबवर ‘पुल रिक्वेस्ट’ नांवाचा जणूं अर्जच गुदरावा लागतो. २०२५ सालीं गिटहबनें आपला एमसीपी सर्व्हर प्रसिद्ध केला, आणि कृत्रिम बुद्धीच्या कारकुनासही असा अर्ज सुधारण्याचें साधन लाभलें. भांडाराचा मालक, भांडाराचें नांव व अर्जाचा क्रमांक सांगणें अवश्य; मथळा, मजकूर, तपासनीस यांपैकीं बदलावयाचें असेल तेवढेंच कळवावें. मात्र मजकूर धाडला कीं जुन्याच्या जागीं सबंध नवा बसतो. यंत्र साधनाचें वर्णन वाचूनच तें चालवितें. वर्णनांत ही गोष्ट स्पष्ट नसली, तर एक ओळ जोडावयास गेलेलें यंत्र माणसाचें अख्खें टिपण पानावरून नाहींसें करील! अर्ज मूळ आज्ञावलींत विलीन करण्याचें साधन, सुदैवानें, निराळें ठेविलें आहे.