होड्या झाकल्या, आता चतुर बघा

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या प्लास्टिकखाली. पाऊस जरा उघडला की शेतातल्या पाण्यावर चतुरांच्या जोड्या दिसतात. दोन मिनिटं थांबून बघा.

नर शेपटीच्या टोकाच्या चिमट्याने मादीला डोक्यामागे पकडतो. मग मादी आपली शेपटी खालून वळवून नराच्या शेपटीच्या मुळाशी लावते, आणि दोघांचा मिळून बदामाचा आकार होतो. दिसतं गोड, पण आत चढाओढ असते. बऱ्याच जातींत नर आधीच्या नराचं बीज बाहेर काढतो, मगच स्वतःचं सोडतो. पुढे मादी अंडी घालेपर्यंत काही नर तिला सोडतच नाहीत, काही वर घिरट्या घालत राखण करतात. एवढी राखण आम्ही जाळ्यांचीही करत नाही!

आता आपल्या कामाचं. चतुराला पाणी ओळखू येतं ते चकाकीवरून. त्यामुळे चकचकीत काळ्या प्लास्टिकवर, गाडीच्या बॉनेटवरही मादी शेपटी टेकवत अंडी घालते. ती सगळी फुकट. तीच पाण्यात पडली असती तर त्यातली पिल्लं डासांच्या अळ्या खातात. (मत्स्यबीजाच्या तळ्यात मात्र ती माशांची बारीक पिल्लंही खातात, तिथे सांभाळा.)

होडीवरच्या प्लास्टिकवर माडाच्या झावळ्या टाका, चकाकी मोडते. वाऱ्यात प्लास्टिकही उडत नाही.