बहात्तराव्या मूलद्रव्याची साक्ष

अणूच्या केंद्रकाभोवती इलेक्ट्रॉन निरनिराळ्या कवचांत विभागलेले असतात. पहिल्या कवचात जास्तीत जास्त २, दुसऱ्यात ८, तिसऱ्यात १८ आणि चौथ्यात ३२ इलेक्ट्रॉन सामावतात. हे आकडे आपण शाळेत पाठ केले. आम्ही इतिहासाचे शिक्षक. त्यामुळे या मांडणीची कसोटी केव्हा लागली, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. ती लागली १९२२ साली.

तेव्हा आवर्तसारणीतील ७२ क्रमांकाची जागा वादग्रस्त होती. दुर्मिळ मृदांमध्ये नवे मूलद्रव्य सापडल्याचा दावा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज उर्बें यांनी १९११ मध्ये केला होता. तेच बहात्तरावे, असे त्यांचे म्हणणे होते.

डेन्मार्कचे नील्स बोर यांचे मत निराळे होते. दुर्मिळ मृदांच्या मालिकेत वाढणारे इलेक्ट्रॉन मुख्यतः आतल्या, चौथ्या कवचात जातात. बाहेरची मांडणी जवळजवळ तशीच राहते. रासायनिक वर्तन बाहेरच्या इलेक्ट्रॉनांवर अवलंबून असल्याने ही मूलद्रव्ये एकमेकांसारखी वागतात. परंतु ७१व्या ल्युटेशिअमपर्यंत चौथे कवच ३२ इलेक्ट्रॉनांनी भरून गेलेले असते. पुढचा इलेक्ट्रॉन बाहेरच जाणार. म्हणून बहात्तराव्याची मांडणी २, ८, १८, ३२, १०, २ अशी होते. झिरकोनिअमची २, ८, १८, १०, २ अशी आहे. दोन्हींचे शेवटचे दोन आकडे सारखेच! तेव्हा हे मूलद्रव्य झिरकोनिअमच्या खनिजांत शोधावयास हवे, असा निष्कर्ष निघत होता.

कोपनहेगन येथील बोर यांच्या संस्थेत डर्क कोस्टर आणि जॉर्ज हेवेशी यांनी झिरकोनिअमची खनिजे क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासली आणि बहात्तराव्याच्या खुणा स्पष्ट दिसल्या. ११ डिसेंबर १९२२ रोजी बोर यांनी आपल्या नोबेल व्याख्यानात ही वार्ता जाहीर केली. कोपनहेगनच्या हाफ्निया या लॅटिन नावावरून मूलद्रव्यास हाफ्निअम हे नाव मिळाले. झिरकोनिअम १७८९ पासून ज्ञात होते. त्याचा हा सोबती सव्वाशेहून अधिक वर्षे त्याच खनिजांत दडून होता.

तपासणीत हे मूलद्रव्य दुर्मिळ मृदा ठरले असते, तर बोर यांना आपली मांडणी बदलावी लागली असती. खोटा ठरण्याची जोखीम पत्करून केलेले विधान पुराव्यावर टिकले, यातच त्याचे मोल आहे. आमच्या माजी विद्यार्थ्यांनी आपल्या मुलांकडून २, ८, १८, ३२ पाठ करवून घेताना ही हकीकतही अवश्य सांगावी.