इकोच्या रिपोर्टमधली 'एओर्टिक स्क्लेरोसिस' ही ओळ काय सांगते?



"टूडी इकोत झडप जाड झालीय म्हणतात. आता ऑपरेशन करावं लागतंय का?" धाराशिवकडच्या ओळखीच्यांकडून मला सगळ्यात जास्त वेळा येणारा हा प्रश्न. मोतीबिंदू नाहीतर हर्नियाच्या ऑपरेशनआधी वयस्कर माणसाला इको करायला सांगतात. मग परंडा-भूमकडचे लोक बार्शी गाठतात, उमरगा-लोहाऱ्याकडचे सोलापूर किंवा लातूर. रिपोर्ट इंग्रजीत येतो आणि त्यात एक ओळ असते: 'एओर्टिक व्हॉल्व्ह स्क्लेरोसिस'. काही घरांत त्या ओळीनं झोप उडते, तर काही घरांत "वयानं होतंच की" म्हणून रिपोर्ट कपाटात जातो. माझ्या मते दोन्ही बरोबर नाही.

आधीच सांगते, मी उपचार करणारी डॉक्टर नाही. हृदयाच्या झडपा हा माझ्या पीएचडीचा विषय आहे, त्यामुळे संशोधन काय म्हणतं तेवढंच सांगू शकते.

जाड होणं वेगळं, अरुंद होणं वेगळं

हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यातून रक्त महाधमनीत जातं. त्या दारावरची तीन पाकळ्यांची झडप म्हणजे एओर्टिक झडप. मिनिटाला 70 ठोके धरले, तर दिवसाला ती सुमारे 1 लाख वेळा उघडते आणि मिटते.

पाकळ्या थोड्या जाड झाल्या, त्यांच्यावर कुठे कुठे कॅल्शियमचे ठिपके दिसले, पण दार नीट उघडतंय, तर त्याला स्क्लेरोसिस म्हणतात. दारच अरुंद झालं आणि रक्ताला वाट कमी पडली, तर तो स्टेनोसिस. इकोमध्ये झडपेतून जाणाऱ्या रक्ताचा वेग मोजतात. स्क्लेरोसिसमध्ये तो साधारणपणे सेकंदाला 2 मीटरपेक्षा कमी असतो, तर गंभीर स्टेनोसिसमध्ये 4 मीटर किंवा जास्त. नुसत्या स्क्लेरोसिससाठी झडप बदलत नाहीत. स्क्लेरोसिस असलेल्या 100 जणांपैकी वर्षाला साधारण दोघांमध्ये तो पुढे स्टेनोसिसकडे सरकतो.

लहानपणीच्या रूमॅटिक तापानं खराब होणारी झडप हा वेगळा आजार आहे. दोन्हींची गल्लत करू नका.

बोअरच्या पाण्याचा क्षार नव्हे

आपल्याकडे बोअरच्या पाण्यानं नळाला, हीटरला पांढरा थर चढतो. त्यामुळे "झडपेवर कॅल्शियम" म्हटलं की तसंच चित्र डोळ्यांपुढे येतं. पूर्वी संशोधकही याला वयानं होणारी झीजच समजत. पण पाण्यातला क्षार थेट जाऊन झडपेवर बसत नाही. रक्तातलं कॅल्शियम शरीर ठरावीक मर्यादेत राखतं.

प्रत्यक्षात घडतं ते असं. पाकळीच्या वरच्या नाजूक अस्तराला इजा होते. तिथून कोलेस्टेरॉलचे कण आत शिरतात, त्यांच्यामागे सूज आणणाऱ्या पेशी येतात. पुढे पाकळीतल्याच काही पेशी हाड बनवणाऱ्या पेशींसारख्या वागायला लागतात. नळावर क्षार नुसता साचतो, इथे मात्र शरीर स्वतः तो थर बांधतं.

आता गंमत बघा. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत ब्लॉकेज तयार होतं, त्याची सुरुवातही जवळपास अशीच असते. बीपी, धूम्रपान, वाढलेलं कोलेस्टेरॉल आणि लिपोप्रोटीन-ए ही कारणंही दोन्हीकडे सापडतात.

मग धोका किती?

अमेरिकेत 65 वर्षांवरच्या 5,621 लोकांचा इको करून त्यांच्यावर सरासरी 5 वर्षं लक्ष ठेवलं. कॅथरीन ऑटो आणि सहकाऱ्यांनी 1999 साली निष्कर्ष छापले. 29 टक्के लोकांत स्क्लेरोसिस होता, स्टेनोसिस फक्त 2 टक्क्यांत. म्हणजे ही ओळ वयस्करांच्या रिपोर्टमध्ये अगदी नेहमीची.

पण त्या 5 वर्षांत झडप नॉर्मल असलेल्या 100 पैकी साधारण 6 जण हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारानं गेले, स्क्लेरोसिस असलेल्यांत साधारण 10. ज्यांना आधी हृदयरोग नव्हता त्यांच्यात वय वगैरे हिशेबात धरूनही असा मृत्यू येण्याची जोखीम सुमारे 50 टक्क्यांनी आणि हार्ट अटॅकची सुमारे 40 टक्क्यांनी जास्त निघाली. 50 टक्के जास्त म्हणजे निम्मी माणसं दगावतात असं नाही. आधी 6 असतील तर तिथे 9, एवढाच त्याचा अर्थ.

दार तर नीट उघडतंय, मग धोका कशानं वाढला? छातीत दुखतं म्हणून दवाखान्यात आलेल्या रुग्णांच्या 2004 सालच्या एका अभ्यासात या धोक्याचा संबंध मुख्यतः सोबत असलेल्या ब्लॉकेजशी आणि शरीरातल्या सुजेशी लागला. म्हणजे इकोत झडप दिसते, पण इशारा बहुधा रक्तवाहिन्यांबद्दलचा असतो.

2008 सालच्या सीज नावाच्या चाचणीतही हेच दिसतं. सौम्य ते मध्यम स्टेनोसिस असलेल्या 1,873 रुग्णांवर कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधं तपासली. झडप अरुंद होणं काही थांबलं नाही. रक्तवाहिन्यांच्या ब्लॉकेजशी जोडलेल्या घटना मात्र कमी झाल्या. त्यामुळे "गोळीनं झडप सुधारत नाही, मग कशाला घ्यायची?" हा हिशेब चुकतो.

आपल्यासाठी याचा अर्थ

हे आकडे अमेरिकेतले आहेत, जसेच्या तसे आपल्याला लागू करता येणार नाहीत. पण 52 देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हार्ट अटॅक सरासरी 53 व्या वर्षी आला होता, इतर देशांत सुमारे 59 व्या. त्याच अभ्यासात चघळायच्या तंबाखूनंही जोखीम वाढलेली दिसली. तेव्हा "मी बिडी पीत नाही, नुसती मिश्री लावते" म्हणणाऱ्या आजी-मावश्यांनीही सावध राहिलेलं बरं.

म्हणून ती ओळ दिसली की एवढं करा:

• बीपी आणि शुगर तपासा. तिशीच्या पुढच्यांसाठी ही तपासणी उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते.
• कोलेस्टेरॉल कधी तपासलं नसेल तर तपासून घ्या. घरात कमी वयात हार्ट अटॅक आले असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.
• बीपीची, कोलेस्टेरॉलची किंवा कॅल्शियमची चालू गोळी मनानं बंद करू नका.
• पुन्हा इको कधी करायचा ते विचारून रिपोर्टवरच लिहून घ्या. पुढच्या वेळी जुना रिपोर्ट सोबत न्या, म्हणजे वेग वाढला का ते कळतं.

तुळजापूरला देवीचं दर्शन घेऊन पायऱ्या चढून वर येताना छातीत दाब आला, नेहमीपेक्षा जास्त दम लागला किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर "वय झालं" म्हणून सोडू नका, लगेच दाखवा. स्क्लेरोसिसला स्वतःची अशी लक्षणं नसतात. त्रास होत असेल तर कारण दुसरं आहे, आणि ते शोधायलाच हवं.