राखणीचा कुत्रा अन्न टाकतो तेव्हां

मळ्यावरील कुत्रा भाकरीस तोंड लावीनासा झाला, म्हणजे 'माजला आहे' असें म्हणून आपण मोकळे होतों. पुष्कळदां तें खरेंही असतें. घरांतील मुलें दिवसभर तुकडे टाकतात. मग रात्रीची कोरडी भाकरी कोणास रुचावी? अशा वेळीं अन्न पाव तास पुढें ठेवून उचलावें. निरोगी कुत्रा दुसऱ्या दिवशीं आपण होऊन खातो. मात्र अंग तापलेलें, हिरड्या पांढुरक्या व कानांत गोचिडी असतील, तर पशुवैद्यास दाखवावें.

आमचें मुख्य सांगणें निराळेंच आहे. खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज बदलला आहे व गिळवत नाहीं, अशा कुत्र्याच्या घशांत हाडूक अडकलें असें समजून कित्येक मायाळू धनी तोंडांत हात घालतात. हें जिवावर बेततें. पिसाळलेला कुत्रा चावत सुटतोच असें नाहीं. या रोगाचा एक प्रकार मुका असतो, आणि विष लाळेंतच असतें. कुत्र्यास कोंडून पशुवैद्यास बोलवावें. लाळ ओरखड्यास लागली असल्यास ती जागा साबणानें व वाहत्या पाण्यानें १५ मिनिटें धुवावी. चुना, मिरची कांहीं लावूं नये. त्याच दिवशीं दवाखाना गांठून लस घ्यावी, कारण माणसांत लक्षणें दिसल्यावर उपाय चालत नाहीं. पोटांत १४ सुया टोचण्याचा काळ गेला. आतां दंडांत चार-पांच वेळां टोचतात. कुत्र्यास मात्र दरवर्षीं आधींच टोचून ठेवावें.